५५५ : नऊ पिनांवरून आठ पिनांवर

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत हौसेने इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग घ्यायला गेलेल्यांच्या पुडीत आठ पायांची एक आयसी (अख्खं सर्किट सामावलेली चिप) हमखास निघते: ठरावीक वेळ मोजणारी ५५५ टायमर. ती १९७२ साली अमेरिकेतल्या सिग्नेटिक्स कंपनीने बाजारात आणली.

तिचा कर्ता हान्स कामेनझिंड हा मूळचा स्विस. कंपनीची नोकरी सोडून १९७१मध्ये त्याने हे काम कंत्राटावर घेतलं. ही आयसी वेळ मोजते ती कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग, भरायला किती वेळ लागतो त्यावरून. त्याच्या पहिल्या आराखड्यात कपॅसिटर एकसारख्या प्रवाहाने भरत होता आणि त्यापायी पिना (पाय) नऊ लागत होत्या. म्हणजे १४ पायांचं पॅकेज घ्यायचं आणि पाच पाय फुकट घालवायचे! मग त्याच्या लक्षात आलं, की बाहेरून साधा रेझिस्टन्स (प्रवाहाला अडवणारा भाग) लावला तरी भागतं. एक पिन वाचली आणि आयसी आठ पायांत बसली.

कपॅसिटर रेझिस्टन्समधून भरायचा तर बॅटरी उतरल्यावर वेळ चुकायला हवी. ती फारशी चुकत नाही, कारण आत पाच-पाच किलोओहमचे तीन रेझिस्टन्स पुरवठ्याच्या व्होल्टेजचे तीन समान भाग करतात. कपॅसिटर एक-तृतीयांशापासून दोन-तृतीयांशापर्यंत भरतो आणि परत उतरतो. व्होल्टेज घटलं की भरण्याचा वेग आणि या दोन्ही खुणा एकाच प्रमाणात घटतात. (या तीन पाचांवरून ५५५ नाव पडलं, असं काउंटरवर अजून ऐकायला मिळतं. कामेनझिंडच्या म्हणण्याप्रमाणे आकडा मार्केटिंगवाल्याने सहज दिलेला होता.)

एलईडी लुकलुकवायला ९ व्होल्टची बॅटरी घ्या. ८ आणि ४ नंबरच्या पिना प्लसला, १ मायनसला. प्लस आणि ७ यांच्यात १ किलोओहम, ७ आणि ६ यांच्यात ६८ किलोओहम. २ आणि ६ एकमेकींना जोडा आणि तिथून मायनसपर्यंत १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. ३ नंबरवरून ४७० ओहममार्गे एलईडी मायनसला. सेकंदाला साधारण एकदा लुकलुकेल.

१ किलोओहमच्या जागी नुसती तार टाकण्याचा मोह आवरा. ७ नंबरचा आतला ट्रान्झिस्टर कपॅसिटर रिकामा करायला चालू झाला की पुरवठा थेट त्याच्यातून मायनसला जातो आणि आयसी जळते.

दुसरी फसगत लांब वेळेची. एकदाच वेळ मोजून थांबणाऱ्या जोडणीत १ मेगओहम आणि १००० मायक्रोफॅरड लावून पंधरा-वीस मिनिटं मोजायला जावं, तर टायमर थांबतच नाही. रेझिस्टन्समधून भरताना प्रवाह शेवटी मंदावतो. ९ व्होल्टवर दोन-तृतीयांशाशी तो जेमतेम ३ मायक्रोॲम्पिअर उरतो. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरची गळतीच त्याहून जास्त असली, तर पातळी खुणेपर्यंत पोचत नाही. बिचाऱ्या आयसीला दोष देऊन ती बदलली जाते आणि नवीही तशीच वागते.

तीच आयसी शेजारच्या सर्किटलाही छळते. आउटपुट बदलताना ती क्षणभर पुरवठ्यातून मोठा प्रवाह ओढते. म्हणून ८ आणि १ यांच्यात, पायांना अगदी चिकटून, ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर लावावा. पुढे आलेल्या सीमॉस (कमी वीज खाणाऱ्या) प्रकारच्या ७५५५मध्ये हा झटका बराच कमी आहे, पण तिचं आउटपुट जुन्या ५५५सारखं २०० मिलिॲम्पिअरपर्यंत रेटत नाही. रिले (विजेने चालणारा स्विच) ओढायची असेल तर जुनीच घ्या, आणि रिलेच्या कॉइलवर उलटा डायोड (एकाच दिशेने प्रवाह सोडणारा भाग) विसरू नका.