पानसुपारीतलं लग्न: कमी खर्चाच्या लग्नामागची जुनी गोष्ट

सध्या जिकडे बघावं तिकडे 'इंटिमेट वेडिंग' चाललंय. म्हणजे काय तर शंभरच्या आत माणसं, गावाबाहेरचं एखादं फार्महाऊस, झेंडूच्या माळा, आणि फोटो असे की बघणाऱ्याला वाटावं हे काहीतरी नवीनच निघालंय. नवीन काही नाही हो. आपल्याकडे कमी खर्चात लग्न लावायची गोष्ट दीडशे वर्षं जुनी आहे आणि गंमत म्हणजे तिची सुरुवात नुसती पैसे वाचवायला झालेली नाही, कुणाला तरी काहीतरी द्यायचं नाकारायला झालेली आहे.

२४ सप्टेंबर १८७३ ला पुण्यात जोतिराव फुल्यांनी सत्यशोधक समाज काढला आणि तीनच महिन्यांत, २५ डिसेंबरला, या पद्धतीचं पहिलं लग्न लागलं. नवरदेव सीताराम जबाजी आल्हाट, नवरी राधा, सावित्रीबाईंच्या मैत्रिणीची मुलगी. भटजी नाही, मुहूर्त नाही, हुंडा नाही. खर्च काय झाला म्हणाल तर पानसुपारीचा. मंगलाष्टकं जोतिरावांनी स्वतः मराठीत रचली, आणि त्यात नवरी गप्प उभी नसते बरं का, ती नवऱ्याकडे बायकांच्या हक्काबद्दल बोलते आणि त्याच्याकडून शब्द घेते. आजकाल लोक 'आम्ही आमचे व्हॉज लिहिले' म्हणून कौतुकाने सांगतात तेव्हा मला हे आठवतं.

आता कुणी म्हणेल भटजीची दक्षिणा ती किती, त्याने काय असा खर्च वाचणार. पण प्रश्न रकमेचा नव्हताच. ग्रामजोशाला लग्न लावायचा वतनी हक्क होता, म्हणजे तुम्ही त्याला बोलवा न बोलवा तो आपला हक्काचा पैसा मागणार. जुन्नर तालुक्यातल्या ओतूरला बाळाजी कुसाजी पाटलांनी १८८४ मध्ये घरातली लग्नं भटजीशिवाय लावली तर जोशांनी सरळ दावा ठोकला आणि ते प्रकरण मुंबई हायकोर्टापर्यंत गेलं. विचार करा, स्वतःच्या पोरांचं लग्न साधं लावलं म्हणून कोर्टाच्या पायऱ्या! आणि फुल्यांचं नुसतं दुसऱ्यांना सांगणं नव्हतं, १८८९ मध्ये मुलगा यशवंतचं लग्नही याच पद्धतीने लावलं, सून आली ती ग्यानोबा ससाण्यांची मुलगी, आणि या ससाण्यांचं स्वतःचं लग्नही असंच लागलेलं.

बरं, मग थाटमाट आला कुठून? वरून खाली झिरपत आला असं मला वाटतं. १७८३ मध्ये पुण्यात सवाई माधवराव पेशव्यांचं लग्न झालं, त्यावेळी नाना फडणवीसांनी करून ठेवलेल्या बंदोबस्ताच्या याद्या इतिहासवाले अजून चवीने वाचतात. इव्हेंट मॅनेजमेंट म्हणतात ती हीच. शनिवारवाड्यातला मानपान मग सरदारांकडे, तिथून पाटलाच्या वाड्यावर, आणि शेवटी ज्याच्या घरात चार पायली जोंधळा नाही त्याच्या मांडवातसुद्धा व्याह्याचा फेटा आणि विहिणीचं लुगडं येऊन बसलं.

पण खेड्यातलं लग्न रोख पैशात तितकं महाग नव्हतं हेही खरं. मांडवाच्या मेढी आणि आंब्याचे डहाळे रानातून यायचे, पत्रावळी पळसाच्या पानांच्या, भांडी चार घरांतून गोळा केलेली, आणि शेवया-कुरडया-पापड भावकीतल्या बायका महिनाभर आधीपासून करायच्या, हळद जात्यावर दळायच्या, ओव्या म्हणत म्हणत. हे सगळं कष्टाचं उसनं. आज तुम्ही माझ्याकडे, उद्या मी तुमच्याकडे. (यात बायकांचं किती कंबरडं मोडायचं ते कुणी मोजलं नाही ही गोष्ट वेगळी.) रोकडा लागायचा तो दागिन्याला, बस्त्याला, वाजंत्र्याला, दक्षिणेला. आणि तो यायचा सावकाराकडून.

इथे एक मुद्दा जरा थांबून सांगतो कारण यात नेहमी घोळ होतो. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले, दंगा आजूबाजूला पसरला, मग सरकारने कमिशन नेमलं. साहेबलोकांचं आवडतं मत असं की हा कुणबी लग्नात उधळपट्टी करतो म्हणून कर्जात बुडतो. पण खुद्द या कमिशनने अहवालात म्हटलंय की लग्नाच्या खर्चाला लोक उगाच जास्त महत्त्व देतात, शेतकऱ्याला खरा बुडवतो तो पोटाला, बियाण्याला, बैलाला आणि सरकारी साऱ्याला घेतलेला वारंवारचा छोटा उधार. म्हणजे कर्जबाजारी शेतकऱ्याला 'लग्नात कशाला उडवलेस' म्हणून ऐकवणं सोपं असतं, आजही ऐकवतातच, पण हिशेब तेव्हाच कागदावर आलेला आहे. तरी लग्नाचं कर्ज एकरकमी असतं आणि जमीन गहाण पडते ती अशा एकरकमीलाच, त्यामुळे लग्न कमी खर्चात करा हे फुल्यांचं म्हणणंही खोटं ठरत नाही.

पुढे हेच गाडगेबाबांनी कीर्तनातून गावोगाव सांगितलं, कर्ज काढून सण-लग्नं करू नका. त्यांनी स्वतः मुलीच्या बारशाला रिवाजाप्रमाणे दारू-मटणाची पंगत घातली नाही, गोडाचं साधं जेवण दिलं, आणि भावकीचा राग ओढवून घेतला. त्यांच्या दशसूत्रीत गरीब तरुण-तरुणींची लग्नं लावून देणं हेही एक कलम आहे हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

आंबेडकरांचं पहिलं लग्न तर साधेपणाची निवड वगैरे काही नव्हती, ती परिस्थितीच होती. १९०६ च्या सुमारास, भायखळ्याचं मार्केट रात्री बंद झाल्यावर तिथल्याच उघड्या शेडमध्ये एका कोपऱ्यात मुलाकडचे, दुसऱ्या कोपऱ्यात मुलीकडचे, बसायला विक्रेत्यांचे दगडी ओटे, खालून गटाराचं पाणी वाहतंय. सकाळी बाजार भरायच्या आत सगळं आवरायचं. बालविवाहच तो, त्याचं कौतुक नाही करायचं, पण हॉलचं भाडं वाचवायची याहून अस्सल तऱ्हा मी तरी ऐकलेली नाही. दुसरं लग्न १९४८ मध्ये दिल्लीत राहत्या बंगल्यावर नोंदणी पद्धतीने झालं. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर मग पांढऱ्या कपड्यातली, त्रिशरण-पंचशील म्हणून लागणारी लग्नं घराघरात गेली. तिथेही आता डीजे शिरलाय म्हणा.

कायद्याची वाट १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने आणखी मोकळी झाली: ३० दिवस आधी नोटीस, तीन साक्षीदार, सही. आमच्या आईवडिलांच्या पिढीत सेवादल आणि चळवळीतल्या मंडळींनी असंच केलं, वर चहा-पेढा, संपलं. बाकीच्यांचं मात्र उलटं झालं. मांडवातून लग्न मंगल कार्यालयात गेलं, तिथून हायवेच्या कडेच्या लॉनवर, आणि एकदा का भावकीच्या जागी केटरर आला की प्रत्येक ताटाला रेट लागला. माझ्या मते खर्च फुगला तो इथे, हौस वाढली म्हणून कमी आणि फुकटचे हात गेले म्हणून जास्त.

यावर गावांनी आपापले तोडगे काढलेच. एक सामुदायिक विवाह, एकाच मांडवात वीस-पंचवीस जोडपी, सरकारचंही शुभमंगल योजनेत अनुदान, आधी जोडप्यामागे १० हजार होतं ते २५ हजार केलं. दुसरा मला जास्त आवडतो तो म्हणजे साखरपुड्यातच लग्न. पाहुणे जमलेत, जेवण शिजलंय, दोन म्हातारे कोपऱ्यात कुजबुजतात, 'उरकूनच टाकू की', आणि संध्याकाळपर्यंत नवरी सासरी.

आणि मग लॉकडाऊन. २०२० मध्ये ५० माणसं, एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्रात २५ माणसं आणि दोन तास, मोडलं तर ५० हजार दंड. माझ्या मावसबहिणीचं लग्न त्याच पंधरवड्यात होतं. पत्रिका वाटून झालेल्या, लॉनचा ॲडव्हान्स अडकलेला, मावशी नुसती रडत होती. शेवटी वाड्याच्या अंगणात लागलं. २५ जणांची यादी करताना मावशीला पहिल्यांदाच ठरवावं लागलं की आपली माणसं नेमकी कोण, आणि त्यावरून दोन भाऊ वर्षभर बोलत नव्हते. शेजारच्या काकू गॅलरीतून अक्षता टाकत होत्या, निम्म्या पडल्या बुलेटच्या सीटवर. मावशीला विचारलं तर जेवणात काय होतं ते तिला आठवत नाही, ती २५ नावं मात्र अजून ओळीने म्हणून दाखवते.