बेंजोपुढे उभं राहिल्यावर शरीरात काय होतं

रायगड-रत्नागिरीकडे आवडत्या बेंजो पार्टीचे, म्हणजे टेम्पोवर बेंजो, कीबोर्ड आणि ढोल-ताशे वाजवणाऱ्या पथकाचे, चाहते तिच्या टेम्पोमागून गावोगाव जातात. आज पेणच्या बाजूला हळद, मग गुहागरकडे पालखी, गणपतीत तर विचारायलाच नको. सगळ्या चाली तोंडपाठ, मोबाईलमध्ये व्हिडिओंचा साठा, तरी पुढची सुपारी कुठे आहे याची चौकशी चालूच. घरातली मोठी माणसं विचारतात, "अरे, तेच तेच काय ऐकायला जाता?" प्रश्न रास्त आहे. पण मोबाईलमध्ये उतरतं ते आणि टेम्पोपुढे मिळतं ते एक नव्हेच, आणि याला आता प्रयोगांचा आधार आहे.

आधी त्या वाद्याबद्दल. आपला बेंजो मूळचा जपानी 'ताइशोगोतो'. नागोयाच्या गोरो मोरिता यांनी १९१२ च्या सुमारास तारांवर टाइपरायटरसारखी बटणं बसवून तो बनवला. भारतात तो बुलबुल तरंग म्हणून रुजला. डाव्या हाताने बटण दाबलं की तारेचा थरथरणारा भाग आखूड होतो आणि सूर चढतो. उजव्या हाताने तार छेडायची. तारेजवळ पिकअप (तारेची थरथर विजेच्या लहरींत बदलणारं साधन) लावून हा आवाज अॅम्प्लिफायरमध्ये सोडला की तो टोकदार, उंच सूर सगळ्या गोंगाटातून वर निघतो. तो मोबाईलमध्ये बऱ्यापैकी उतरतो. उतरत नाही तो त्याच्याखालचा ढोल.

मोबाईलचा स्पीकर इवलासा. साधारण २०० हर्ट्झच्या (सेकंदाला २०० कंपनांच्या) खालचा आवाज त्याला नीट काढताच येत नाही, आणि मोठ्या ढोलाचा खरा जोर त्याहून बराच खाली असतो. तरी व्हिडिओत ढोल ऐकू येतो, कारण थापेतली वरची कंपनं स्पीकर काढतो. कीबोर्डच्या खर्जाच्या सुराबाबत तर मेंदू वरच्या कंपनांवरून न वाजलेला मूळ सूर स्वतःच उभा करतो. कानाची समजूत पटते. छातीची पटत नाही, कारण तिथे काही पोचलेलंच नसतं.

प्रत्यक्षात ४० हर्ट्झच्या आवाजाची एक लहर जवळजवळ पावणेनऊ मीटर लांब असते. घराची भिंत, माडांची रांग तिला अडवत नाही. ती वळसा घालून येते. म्हणूनच मिरवणूक शेजारच्या वाडीत असताना आधी ढोल कळतो आणि बेंजो वळण ओलांडल्यावर. हा खर्ज त्वचेला आणि छातीला जाणवतो. शिवाय कानाच्या आत तोल सांभाळणारा जो भाग आहे, तोही मोठ्या खर्जाच्या आवाजाला प्रतिसाद देतो. अंग हलवायची ओढ तिथूनही येत असावी, असं काही शास्त्रज्ञांना वाटतं.

यावर एक सुरेख प्रयोग २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात 'लाइव्हलॅब' नावाचं सभागृह आहे, तिथे मैफल आणि प्रयोगशाळा एकत्र नांदतात. इलेक्ट्रॉनिक संगीताच्या मैफलीत संशोधकांनी ८ ते ३७ हर्ट्झचे खास स्पीकर दर अडीच मिनिटांनी चालू-बंद केले. आवाज इतका खालचा, की तो कधी चालू आहे हे श्रोत्यांना ओळखता येत नव्हतं. तरी तो चालू असताना लोक ११.८ टक्के जास्त नाचले. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते: ज्याची जाणीवही नाही, तो आवाज पाय उचलायला लावतो.

पण सगळं श्रेय खर्जाला देणं बरोबर नाही. ताशा एकटाच घुमत राहतो, बेंजो थांबलेला, ढोलवाल्यांच्या काठ्या वर, आणि ठेका पडायच्या आधीच गर्दी ओरडते. तो क्षण आठवा. २०११ मध्ये मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधकांनी, आवडत्या संगीताने अंगावर काटा येणाऱ्या लोकांचे मेंदू तपासले. डोपामाइन हे रसायन दोनदा सुटताना दिसलं, मेंदूच्या दोन वेगळ्या भागांत: एकदा तो क्षण येणार या ओढीने, आणि एकदा तो आल्यावर. चाल पाठ असणं हे कंटाळ्याचं कारण नाही, उलट ओढ लागते ती त्यामुळेच. सिंधुदुर्गात डबलबारीला, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्याला, जाणाऱ्यांनाही हे ठाऊक असेल: बुवांनी गजराची लय चढवायला घेतली की मंडप आधीच सावरून बसतो.

त्यातून वाजवणारा समोर असतो. झुरिकमध्ये पियानोवादकांना, ऐकणाऱ्याच्या मेंदूतल्या भावनांशी निगडित भागाची हालचाल त्याच क्षणी दाखवत गेले आणि ती वाढेल असं वाजवायला सांगितलं. रेकॉर्डिंगपेक्षा प्रत्यक्ष वाजवण्याने तो भाग जास्त आणि सातत्याने चेतला, असं २०२४ मध्ये प्रसिद्ध झालं. आपल्या बेंजोवाल्याला यंत्र लागत नाही. पुढची पोरं रंगात आलेली दिसली की तो तीच ओळ आणखी दोनदा घोळवतो. हे व्हिडिओत होणं शक्य नाही.

आणि शेजारचे लोक? लाइव्हलॅबच्याच २०१९ च्या अभ्यासात एका रॉक गायकाची गाणी काहींनी प्रत्यक्ष आणि काहींनी रेकॉर्डिंगवर ऐकली. प्रत्यक्ष ऐकताना माना जास्त जोमाने हलल्या, आणि चाहत्यांच्या माना इतरांपेक्षा तालाला जास्त धरून होत्या. ब्राझीलमध्ये शाळकरी मुलांवरच्या प्रयोगात, एकाच तालात नाचल्यावर वेदना सहन करण्याची ताकद वाढली आणि सोबतच्यांबद्दल जवळीकही वाढली. वेदना सोसण्यातली ही वाढ शरीरातल्या एंडॉर्फिनची (वेदना कमी करणाऱ्या रसायनाची) खूण मानतात. पालखी नाचवून पहाटे घरी येणाऱ्याचे खांदे दुसऱ्या दिवशी दुखायला लागतात, रात्री नाही, त्यात याचाही वाटा असू शकेल.

ही एकतानता जवळच्यांपुरतीच असते, आणि तेही भौतिकशास्त्रामुळे. ३० अंश तापमानात आवाज सेकंदाला सुमारे ३४९ मीटर जातो. मिनिटाला १२० ठोक्यांचा ठेका असेल तर दोन ठोक्यांत अर्ध्या सेकंदाचं अंतर. म्हणजे स्पीकरपासून ८७ मीटर मागे नाचणारा बरोबर अर्धा ठोका उशिरा असतो: पुढच्यांचा पाय खाली, याचा वर. लांब मिरवणूक गच्चीवरून पाहिली तर पुढून मागे सरकत जाणारी लाट दिसते. त्यात बेताल कुणीच नसतो, प्रत्येक जण आपल्यापर्यंत आलेल्या ठेक्याशी प्रामाणिक असतो.

आता कानांबद्दल, आणि हे मी कळकळीने लिहितोय. आतल्या कानातल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशी माणसात पुन्हा उगवत नाहीत. ८५ डेसिबल आवाजात आठ तास ही कामाच्या ठिकाणची नेहमीची मर्यादा. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते, म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं. रात्री कानात शिट्टी वाजत राहिली तर मर्यादा ओलांडली असं समजा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की साधारण ६ डेसिबल उतरतात. स्पीकरपासून दोन मीटरवर १०० डेसिबल असतील तर आठ मीटरवर ८८ होतात, आणि पंधरा मिनिटांचे चार तास मिळतात. औषधांच्या दुकानात मिळणारे फोमचे प्लग घातले तर बेंजोची धार थोडी बोथट होते, पण अंगाने येणारा ढोल त्यांनी अडत नाही. लहान मुलाला खांद्यावर घेऊन टेम्पोच्या तोंडाशी मात्र उभे राहू नका. त्याला कानांवर बसणारे इअरमफ घाला आणि मागच्या रांगेत न्या.