मालकाच्या हातातलं जेट

जुहूचा विमानतळ १९२८ सालचा. १९२९ मध्ये जे. आर. डी. टाटांनी भारतातला पहिला वैमानिक परवाना मिळवला आणि १९३२ मध्ये कराचीहून टपाल घेऊन पुस मॉथ हे छोटं विमान स्वतः चालवत ते इथंच उतरले. मालकानेच विमान उडवायची हौस मुंबईला तेव्हापासूनची. ती जेटपर्यंत पोहोचायला बराच काळ गेला, कारण लहान आणि स्वस्त जेट इंजिनच नव्हतं.

१९९६ मध्ये नासाने विल्यम्स कंपनीला हाताशी धरून तसं इंजिन बनवायला घेतलं. त्याच्या जोरावर मायक्रोसॉफ्टमधून आलेल्या व्हर्न रेबर्न यांनी दहा लाख डॉलरच्या आत बसणारं एक्लिप्स ५०० जाहीर केलं. २००२ मध्ये विमान उडालं, पण विल्यम्सचं इंजिन कमी पडलं. मग प्रॅट अँड व्हिटनीचं बसवलं, त्यात वर्षं आणि पैसा दोन्ही गेलं. २००६ मध्ये प्रमाणपत्र मिळालं आणि २००८ मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं. गवगवा न करता त्याच सुमारास आलेलं सेसनाचं मस्टँग मात्र २०१७ पर्यंत बनत राहिलं.

खऱ्या अर्थाने हौशी वैमानिकाचं जेट आलं २०१६ मध्ये: सिरस व्हिजन. पाठीवर एकच इंजिन, वेग ताशी साधारण ५५० किलोमीटर, आणि नाकात अख्खं विमान पेलणारं पॅराशूट. छतातली लाल मूठ ओढली की विमान आधी स्वतःच वेग कमी करतं, मग पॅराशूट सोडतं. टाईप रेटिंग, म्हणजे त्याच विमानासाठीची वेगळी परवानगी, मात्र याला चुकत नाही.

आता मुंबईचा हिशेब. जेट एटीएफवर, म्हणजे प्रवासी विमानांच्याच इंधनावर चालतं, हा आपल्याकडे मोठाच फायदा. पिस्टन विमानांचं अॅव्हगॅस, म्हणजे विमानाचं पेट्रोल, २०२२ पर्यंत आयातच करावं लागे. पण उतरायचं कुठे? जुहूवर आता मुख्यतः हेलिकॉप्टरं. (१९७२ मध्ये जपान एअरलाइन्सचं डीसी-८ सांताक्रूझ समजून तिथं उतरलं, तेव्हा धावपट्टी पुरली नव्हती.) सांताक्रूझला खासगी विमानाला स्लॉटसाठी, म्हणजे उतरण्या-उडण्याच्या नेमून दिलेल्या वेळेसाठी, ताटकळावं लागतं, आणि जमिनीवर इंजिन चालू ठेवून थांबणं किंवा खालच्या उंचीवर घिरट्या घालणं जेटला महागात पडतं. कोल्हापूरला जायचं तर उंची गाठेपर्यंत उतरायची वेळ होते. तेवढ्यासाठी टर्बोप्रॉपच, म्हणजे टर्बाइन इंजिनाने पंखा फिरवणारं विमानच शहाणपणाचं. जेटचा खर्च दिल्ली-बेंगळुरूच्या वाऱ्या करणाऱ्यालाच परवडतो.