ना कंपनीचं पत्र, ना पावण्याची ओळख: वर्किंग हॉलिडे व्हिसा आपल्यापर्यंत कसा आला

१ ऑक्टोबर २०२४ ला ऑस्ट्रेलियानं भारतीय तरुणांसाठी एक सोडत उघडली. नोंदणीची फी २५ ऑस्ट्रेलियन डॉलर, सोबत पासपोर्ट आणि पॅन कार्डाचा तपशील, वय १८ ते ३०, जागा वर्षाला १,०००. पहिल्या दोन आठवड्यांतच सुमारे ४० हजार जणांनी नावं घातली. नंबर लागेल त्यालाच पुढं व्हिसाचा अर्ज करता येणार. हा 'वर्क अँड हॉलिडे' व्हिसा, कागदावर सबक्लास ४६२. बारा महिने तिकडं राहायचं, फिरायचं आणि खर्च भागवायला मिळेल ते काम करायचं. त्यासाठी तिथल्या कंपनीचं पत्र लागत नाही, कुणी नातेवाईक लागत नाही, विद्यापीठाची लाखांतली फीही भरावी लागत नाही. बारावीनंतरचं किमान दोन वर्षांचं शिक्षण, कामचलाऊ इंग्रजी आणि खात्यावर साधारण ५,००० डॉलर दाखवता आले की झालं.

सातारा-सांगली भागात बाहेर पडण्याचे जे रस्ते आजवर मळलेले आहेत, त्यांतल्या एकाशीही हा जुळत नाही.

बाहेर पडणं मात्र इथं नवं नाही. माण, खटाव, खानापूर, आटपाडी, जत हा पर्जन्यछायेतला पट्टा. पोरानं गाव सोडलं नाही तर घरात काय शिजणार, असा सरळ हिशेब. विट्याच्या आसपासची गलाई मंडळी याचं सगळ्यात ठळक उदाहरण. जुने दागिने, सोनाराच्या दुकानातली झाडलोट, भट्टीशेजारची राख, यातून तेजाब आणि मुशीच्या जोरावर शुद्ध सोनं-चांदी वेगळी काढायची हा धंदा. तो घेऊन ही माणसं तामिळनाडू, केरळपासून कोलकात्यापर्यंत पसरली. रीत ठरलेली. पोरगं दहावीत गटांगळलं की मामाच्या नाहीतर चुलत्याच्या दुकानावर रवानगी. आधी भट्टी पेटवायची, भांडी घासायची, चार-पाच वर्षं हाताखाली काढायची आणि मग त्याच नाहीतर शेजारच्या गावात आपलं दुकान टाकायचं. गावच्या जत्रेला तमिळ, बंगाली फाडफाड बोलणारी मराठी पोरं दिसतात ती यामुळंच.

मुंबईचंही तसंच. साताऱ्याची, त्यातही पाटण-जावळीकडची माणसं गिरण्यांत लागली, गोद्यांत आणि बाजारांत डोक्यावर ओझी वाहू लागली. माथाडींची संघटना बांधणारे अण्णासाहेब पाटील पाटण तालुक्यातलेच. १९६९ चा माथाडी कायदा त्याच लढ्यातून आला. इथंही दादरला उतरल्यावर कुणाच्या खोलीवर वळकटी टाकायची हे गावातून निघतानाच ठरलेलं असायचं. पावण्याची ओळख हाच व्हिसा.

समुद्रापलीकडं गेलेले पहिले बहुतेक लोक सैनिक. साताऱ्याजवळच्या अपशिंग्यानं पहिल्या महायुद्धात ४६ माणसं गमावली. गावाच्या नावापुढं 'मिलिटरी' लागतं ते काही उगाच नाही. त्याही आधीचा एक नामवंत प्रवासी म्हणजे रंगो बापूजी गुप्ते. १८३९ ला कंपनी सरकारनं छत्रपती प्रतापसिंहांना पदच्युत केलं, तेव्हा त्यांची बाजू मांडायला वकील म्हणून ते लंडनला गेले आणि १८५३ पर्यंत तिथंच खेटे घालत राहिले. मधल्या काळात, १८४७ ला, महाराज काशीला वारले आणि १८४८ ला साताऱ्याचं राज्यच खालसा झालं. परदेशी कचेरीत तारीख पे तारीख म्हणजे काय, हे साताऱ्याला तेव्हापासून ठाऊक आहे.

स्वातंत्र्यानंतर अडचण उलट्या बाजूनं आली. १९६७ पर्यंत पासपोर्ट द्यायचा की नाही हे सरकारच्या मर्जीवर होतं. त्या वर्षी सतवंत सिंग साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं परदेशी जाणं हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे असं ठरवलं आणि मग पासपोर्ट कायदा झाला. पासपोर्ट मिळाला तरी परकीय चलन मिळायचं नाही. सत्तरच्या दशकात देशाबाहेर पडताना खिशात आठ डॉलर, हा किस्सा त्या पिढीच्या बहुतेकांकडून ऐकायला मिळतो. चार पैसे गाठीला बांधून तिकडं गेल्यावर काम शोधू, हा विचारच त्या नियमांत बसणारा नव्हता. म्हणून आपल्याकडून गेले ते कागद पक्का असलेले लोक: सांगलीच्या वालचंद कॉलेजातले इंजिनिअर, मिरजेला शिकलेल्या परिचारिका, आखाती कंपन्यांच्या करारावर गेलेले कामगार. आधी नोकरी, मग विमान.

नेमक्या त्याच काळात जगाच्या दुसऱ्या टोकाला आधी विमान, मग नोकरी, अशी सोय उभी राहत होती. १९७५ ला ऑस्ट्रेलियानं वर्किंग हॉलिडे योजना सुरू केली; आरंभीचे भागीदार ब्रिटन, कॅनडा आणि आयर्लंड. गोऱ्यांपुरतं स्थलांतर हे धोरण ऑस्ट्रेलियानं जाहीरपणे मोडीत काढलं होतं १९७३ ला, म्हणजे जेमतेम दोन वर्षं आधी. भागीदारांची यादी बघितली तर जुनी सवय लगेच सुटली नव्हती एवढं नक्की म्हणता येतं. १९८० ला जपान आत आला, पुढं कोरिया वगैरे देश आले. भारत नाही.

ब्रिटनची गोष्ट जास्त मजेशीर आहे. त्यांच्याकडं राष्ट्रकुलातल्या तरुणांसाठी 'वर्किंग हॉलिडेमेकर' योजना होती: १७ ते २७ वय, दोन वर्षं राहणं, फिरता फिरता काम. भारत राष्ट्रकुलात, त्यामुळं नियमानं भारतीयही पात्र. पण अर्जदार मुदत संपल्यावर परत जाईल अशी अधिकाऱ्याची खात्री पटावी लागायची आणि ती कुणाबद्दल पटायची हे सांगायला नको. लाभ मुख्यतः ऑस्ट्रेलियन, न्यूझीलंडर, दक्षिण आफ्रिकन पोरांनी घेतला. २००३ ला वयाची अट ३० वर नेली, करिअरच्या नोकऱ्याही करायला मुभा दिली आणि दार खऱ्या अर्थानं उघडलं. २००५ ला ते परत आवळलं: दोन वर्षांत काम फक्त बारा महिने. नोव्हेंबर २००८ ला योजनाच गुंडाळली आणि तिच्या जागी 'यूथ मोबिलिटी' आणली. तिच्यात सुरुवातीला ऑस्ट्रेलिया, कॅनडा, जपान, न्यूझीलंड. ज्या दाराला निदान कागदावर तरी आपलं नाव होतं, तेही गेलं.

मग आता एकदम कृपा कशी झाली? कृपा नाहीच, देवाणघेवाण आहे. मे २०२१ मध्ये भारत आणि ब्रिटननं स्थलांतराबाबत करार केला. त्यात एका हातानं बेकायदा राहणाऱ्या भारतीयांना परत घेण्याची व्यवस्था आणि दुसऱ्या हातानं तरुणांसाठी वर्षाला ३,००० पर्यंत व्हिसा. या 'यंग प्रोफेशनल्स स्कीम'ची पहिली सोडत २८ फेब्रुवारी २०२३ ला निघाली, २,४०० जागांसाठी. सोडतीत नाव घालायला पैसे लागत नाहीत, पण पदवी हवी, २,५३० पौंडांची शिल्लक हवी, आणि आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड भरायचा. दोन वर्षांचा हिशेब केला की 'हॉलिडे' महाग पडते.

ऑस्ट्रेलियाचा व्हिसा आला तो २ एप्रिल २०२२ च्या व्यापार कराराच्या पोटातून. करार २९ डिसेंबर २०२२ पासून लागू झाला आणि १,००० जागांचं कलम दोन वर्षांच्या आत अमलात आणायचं ठरलं होतं. ते सप्टेंबर २०२४ ला आलं. त्याच करारानं पाच ते पंधरा अमेरिकी डॉलरच्या ऑस्ट्रेलियन वाइनच्या बाटलीवरचं आयात शुल्क १५० टक्क्यांवरून १०० वर उतरवलं. पलूसला वाइन पार्क काढून बसलेल्या सांगली जिल्ह्यानं हे दुसरं कलमही वाचायला हवं होतं. चर्चा मात्र व्हिसाचीच झाली.

द्राक्षाचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट जवळून बघण्यासारखी आहे. या व्हिसावर एका मालकाकडं सहसा सहाच महिने काम करता येतं. दुसऱ्या वर्षाचा व्हिसा हवा असेल तर ठरवून दिलेल्या ग्रामीण भागात ठरावीक प्रकारचं काम करावं लागतं. पाठीवर सॅक घेऊन फिरणारे बॅकपॅकर त्याला त्याच्या मुदतीवरून '८८ दिवस' म्हणतात. हे काम म्हणजे बहुतेकदा फळं तोडणं, छाटणी, पॅकिंग. व्हिक्टोरियातलं मिलड्युरा द्राक्षाचं आणि बेदाण्याचं गाव. तासगावच्या पोराला छाटणी, विरळणी, बेदाण्याची रॅक यातलं काही नव्यानं शिकावं लागणार नाही. फरक एवढाच की घरच्या बागेत ही कामं बाहेरून आलेल्या मजुरांवर सोपवलेली असतात, आणि शेजारच्या उसाच्या फडात कोयता बीडच्या टोळीच्या हातात असतो. इथं बांधावर उभं राहून हिशेब लिहिणारा पदवीधर तिथं बादली घेऊन ओळीत उभा राहील का, हा प्रश्न घराघरांत वेगळा सुटेल. 'कमवा आणि शिका' सांगणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांच्या जिल्ह्यात तरी अंगमेहनतीची लाज वाटू नये, पण वाटते, हे खरं आहे. गंमत म्हणजे ब्रिटिश पासपोर्टवाल्यांना जुलै २०२४ पासून ही शेतातली अट उरलेली नाही आणि त्यांच्यासाठी वयही ३५ पर्यंत चालतं. आपल्याला ३० आणि ८८.

सोडतीमुळं एक जुना धंदा मात्र अडचणीत यायला हवा होता. ओळखीवर चालणाऱ्या मुलखात 'आपला माणूस आत आहे' हे वाक्य फार लवकर पटतं, आणि त्याच वाक्यावर काही एजंट या व्हिसाचे लाखभर रुपये सांगतात. नंबर संगणक काढतो. नोंदणी स्वतःच्या मोबाइलवरून करता येते आणि अधिकृत खर्च २५ डॉलरच राहतो. निवड झालीच तर पुढं व्हिसाची फी (२०२४ ला ती ६५० डॉलरच्या घरात होती), विमा, तिकीट आणि खात्यावरची शिल्लक. त्यात एजंटचा हात कुठंच लागत नाही. नंबर नाही लागला तर पुढच्या फेरीत नवी नोंदणी आणि पुन्हा २५ डॉलर, आणि अर्जाच्या दिवशी वयाची ३१ वर्षं पूर्ण झालेली नसावीत.