विलापस्तोत्रे

बायबलच्या जुन्या करारातील स्तोत्रसंहितेत अडचणीत सापडलेला माणूस देवाकडे गाऱ्हाणे मांडतो आणि बहुधा त्याच दमात त्याची स्तुती करतो, अशा स्तोत्रांना विलापस्तोत्रे म्हणतात. संहितेतील १५० स्तोत्रांपैकी साधारण एक तृतीयांश स्तोत्रे या जातीची आहेत; १३, २२, ४२, ६९, ८८ आणि १३० ही त्यांतली ठळक. संपूर्ण संग्रहाला हिब्रूत ‘तेहिल्लीम’ म्हणजे ‘स्तवने’ म्हणतात. इतके रडणे-कढणे पोटात असलेल्या ग्रंथाला स्तवने हे नाव कसे, हा प्रश्न वाचकाला पडतो, आणि पडायलाही हवा.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी हेर्मान गुंकेल या जर्मन अभ्यासकाने स्तोत्रांची प्रकारवारी लावली. विलापाचा साचा तेव्हापासून असा सांगतात: देवाला हाक, तक्रार, मागणे, भरवशाचा उच्चार आणि शेवटी स्तुतीचा शब्द. प्रत्येक स्तोत्र हा क्रम पाळतेच असे नाही. १३वे मात्र सहा वचनांत तो जवळजवळ पुरा करते. पहिल्या दोन वचनांत ‘किती वेळ?’ हा सवाल चार वेळा येतो. सहाव्या वचनाला पोचेतो तोच माणूस गुणगान गाऊ लागलेला असतो. मधे काय घडले? शत्रू हटला, दुखणे बरे झाले, असे स्तोत्रात कुठेही नाही. पाचव्या वचनाच्या तोंडी हिब्रूत फक्त ‘मी तर’ अशा अर्थाचा शब्द आहे, आणि सारे वळण त्यावर फिरते. मंदिरातल्या याजकाने मधेच देवाचे आश्वासन ऐकवले असावे, म्हणून सूर पालटला, असा तर्क योआखिम बेग्रिख याने १९३४ साली मांडला. तर्क चांगला आहे. पण ते आश्वासन बहुतेक स्तोत्रांत लिहिलेले नाही. ‘मी तर’ एवढ्यावरच भागवणे मूळ मजकुराला जास्त धरून आहे.

सोलापूर जिल्ह्यात ही भाषा परकी वाटत नाही. जिल्हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. १८७६–७८, १८९६–९७ आणि १८९९–१९०० या दुष्काळांनी तो होरपळला. १९७२चा दुष्काळ तर अजून म्हाताऱ्यांच्या बोलण्यात असतो. अमेरिकन मराठी मिशन या ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्थेचे काम एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इथे चालू होते, म्हणजे इथल्या ख्रिस्ती मंडळीने स्तोत्रे हाती घेतली ती अशाच वर्षांच्या आगेमागे. ४२व्या स्तोत्राच्या मराठी भाषांतरात पाण्यासाठी हरिणी ‘लुलपते’. हा शब्द आता बोलण्यात फारसा उरलेला नाही, पण मे महिन्यात कोरड्या ओढ्याकाठी जीभ बाहेर काढून उभे राहिलेले जनावर ज्याने पाहिले, त्याला कोश उघडावा लागत नाही.

१२६वे स्तोत्र तर रब्बीच्या शेतकऱ्याचेच म्हणावे. रडत पेरायला जाणारा हर्षाने पेंढ्या घेऊन परततो, असे ते सांगते. पॅलेस्टाईनमध्ये पेरणी शरदातल्या पहिल्या पावसानंतर होते, सोलापूरची ज्वारीही परतीच्या पावसाच्या ओलीवर पडते. पेरताना रडायचे का? टंचाईच्या साली कणगीच्या तळाला जे दाणे उरतात तेच बियाणे असते. ते मातीत टाकायचे म्हणजे घरातल्या पोरांच्या ताटातले काढून टाकायचे. त्याच स्तोत्रातले दक्षिण प्रदेशाचे ओहोळही वर्षभर कोरडे असतात आणि एका पावसात दुथडी भरतात.

दुसरा शेजार पंढरपूरचा. याच जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याशी चोखामेळ्याचे नाव जोडलेले आहे. देवाशी भांडणे, त्याला जाब विचारणे, रुसणे हे भक्तीच्या विरुद्ध आहे असे इथे कुणी मानत नाही. जनाबाईने विठोबाला ‘विठ्या’ म्हणून झापले तरी ती संतच. विलापस्तोत्रे आणि करुणेचे अभंग यांचे दैवत, इतिहास आणि श्रद्धा वेगळ्या आहेत, त्यांची सरमिसळ करू नये. पण देवापुढे कण्हण्याची मुभा असते, हे या भागातल्या वाचकाला शिकवावे लागत नाही.

पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून केलेले बायबलचे मराठी भाषांतर १९२२ साली त्यांच्या निधनाच्या सुमारास पुरे झाले. ते काम झाले केडगावला. पुण्याहून सोलापूरला येणारी रेल्वे त्याच गावावरून येते.

वापरात सगळी स्तोत्रे सारखी नाहीत. घरगुती प्रार्थनेला सतरंजी अंथरली, चपला दाराशी जमल्या, की आजाऱ्याच्या उशाशी बहुतेक वेळा ९१वे किंवा १२१वे वाचले जाते. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ हे २३वे स्तोत्र लहानपणीच पाठ झालेले असते. वाचणाऱ्याने सुरुवात केली की म्हातारी माणसे चष्मा न लावता ओठ हलवू लागतात. दफनाच्या वेळीही तेच, आणि जोडीला ९०वे. उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) उपासनेत वधस्तंभावरच्या सात उद्गारांपैकी चौथा येतो: ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ हे २२व्या स्तोत्राचे पहिले वचन. येशूने ते मरताना उच्चारले, त्यामुळे विलाप हा विश्वासातला उणेपणा आहे असे म्हणायला ख्रिस्ती माणसाला जागा उरत नाही. हेच स्तोत्र २२व्या वचनापासून भर सभेत देवाची स्तुती करू लागते. पण शुक्रवारी पुष्कळदा तिथपर्यंत कुणी जात नाही.

साक्षींमध्ये, म्हणजे मंडळीसमोर आपला अनुभव सांगताना, मात्र उलटे होते. संकट टळल्यावर उपकारस्तुती करताना ‘प्रभूने तारले’ हे ठासून सांगितले जाते आणि मधली ‘किती वेळ?’ची रात्र एका वाक्यात उरकते. स्तोत्रकर्ते इतकी घाई करत नाहीत.

८८व्या स्तोत्रात तर वळण येतच नाही. रात्रंदिवस हाक मारूनही उत्तर नाही, मित्र-आप्त दुरावलेले, आणि हिब्रूत शेवटचा शब्द ‘अंधार’. कोरहपुत्र या मंदिरातल्या गायकांच्या नावावरचे हे गीत संग्रहातून कुणी वगळले नाही, शेवटी दोन आशेची वचनेही कुणी जोडली नाहीत. भरवसा त्यात शोधायचाच तर पहिल्या ओळीत सापडतो: बोलणारा देवाला ‘माझ्या तारणाऱ्या देवा’ म्हणतो आणि मग बोलणे थांबवत नाही.