सिस्टर, पोटात दुखतंय!

शाळेच्या मेडिकल रूममधलं रजिस्टर कधी चाळायला मिळालं तर नक्की चाळा. माझी मामेबहीण मुंबईच्या उपनगरातल्या एका शाळेत सिस्टर आहे, तिचं मी बघितलंय. पानंच्या पानं पोटदुखी, डोकेदुखी, चक्कर येते, उलटीसारखं होतंय, बेंच लागला, शार्पनरने बोट कापलं, आणि चौथीतल्या एका पोराची "केस दुखतायत" अशीही तक्रार, जी तिने इमानदारीत जशीच्या तशी लिहून ठेवलीय. शेजारच्या रकान्यात उपाय: पाणी दिलं, बर्फ लावला, दहा मिनिटं झोपवलं, वर्गात पाठवलं. बाहेरच्या माणसाला वाटतं काय आरामाची नोकरी आहे राव, एसी नसला तरी पंख्याखाली बसायचं आणि बर्फ वाटायचा.

तर आधी त्या सुराबद्दल बोलू, म्हणजे तो "सिस्टssर, दुखतंय नाss" वाला. मुलांची ही कुरकुर नुसती चिडचिड आणत नाही, ती डोक्यातलं काम अक्षरशः बंद पाडते. रोझमेरी सोकोल चँग आणि निकोलस थॉम्पसन ह्या दोन संशोधकांनी २०११ च्या सुमारास एक मजेदार प्रयोग छापला होता, लोकांना वजाबाक्या सोडवायला बसवलं आणि कानावर वेगवेगळे आवाज सोडले, तान्ह्या बाळाचं रडणं, लाकूड कापायच्या मशीनचा आवाज, मोठ्यांचं बोलणं आणि मुलांची कुरकुर. सगळ्यात जास्त लक्ष उडवलं ते कुरकुरीने, आणि गंमत म्हणजे ऐकणारा पुरुष आहे की बाई, त्याला मुलं आहेत की नाहीत, ह्याने काही फरक पडला नाही. ह्यामागचा अंदाज असा की दुर्लक्ष करता येऊ नये म्हणूनच हा सूर तसा आहे. आता विचार करा की हे दिवसभर ऐकायचं, आणि मधेच इन्हेलर विसरलेल्या दम्याच्या मुलीकडे पण बघायचं, शांत डोक्याने.

मग प्रश्न येतो तो टीचर लोकांचा आवडता, "नाटकं करतोय ना हा?" काही जण करतात, त्यात काय, आपणही केलीत. पण बहुतेक वेळा मूल खोटं बोलत नसतं, आणि हे समजून घ्यायला पोटाची वायरिंग थोडी बघावी लागते.

बोटाला सुई टोचली तर नेमकी कुठे टोचली ते डोळे मिटून सांगता येतं. आतड्याचं तसं नाही. आतड्यातून येणाऱ्या संवेदनांच्या नसा कमी, विखुरलेल्या, आणि लहान आतड्याच्या नसा पाठीच्या कण्यात ज्या पातळीला शिरतात तिथेच बेंबीभोवतीच्या त्वचेच्या नसाही येतात, त्यामुळे मेंदूला वाटतं की दुखणं बेंबीपाशीच आहे. म्हणून "कुठे दुखतंय?" विचारलं की शंभरातली बरीच मुलं पूर्ण तळवा बेंबीवर गोल फिरवतात. वर आतड्याच्या भिंतीत स्वतःचंच मज्जातंतूंचं जाळं आहे, कोट्यवधी चेतापेशींचं, आणि ते मेंदूशी सतत बोलत असतं, दोन्ही बाजूंनी. भीती वाटली, टेन्शन आलं की शरीरात स्ट्रेसची रसायनं सुटतात, जठर रिकामं व्हायचा वेग मंदावतो आणि मोठं आतडं मात्र जोरात हलायला लागतं. युनिट टेस्टच्या सकाळी घराघरात बाथरूमसाठी रांग का लागते, तर ह्यामुळे. म्हणजे गणिताचा गृहपाठ झाला नाही म्हणून ज्या पोराचं पोट दुखतंय त्याचं पोट खरोखरच दुखत असतं, फक्त त्या दुखण्याचं कारण पोटात नसतं इतकंच.

हे काही आजचं ज्ञान नाही. जॉन ॲपली नावाच्या ब्रिटिश बालरोगतज्ञाने १९५८ मध्ये ब्रिस्टल भागातली १००० शाळकरी मुलं तपासून सांगितलं होतं की साधारण दहातल्या एका मुलाचं पोट वारंवार दुखतं, इतकं की रोजच्या कामात अडथळा यावा, आणि खोलात जाऊन तपासलं तर त्यातल्या फार थोड्यांमध्ये शरीरातला बिघाड सापडतो. त्याचाच एक आडाखा बालरोगतज्ञ अजून वापरतात: दुखणं बेंबीपासून जितकं लांब, तितकी खरा आजार असायची शक्यता जास्त. आडाखाच आहे, नियम नाही, कारण अपेंडिक्सचं दुखणं सुरुवातीला बेंबीपाशीच असतं आणि काही तासांनी उजवीकडे खाली सरकतं.

इथे मामेबहिणीची एक ट्रिक सांगतो जी बघताना मला आधी हसू आलं होतं. पोट धरून आलेल्या मुलाला ती आधी काहीच विचारत नाही, म्हणते "जरा त्या कॅलेंडरला हात लाव बघू उडी मारून." कॅलेंडर दारामागे उंचावर टांगलंय, मुद्दाम. बहुतेक पोरं धाडकन उडी मारतात, हात लागला नाही तर परत मारतात, आणि तिसऱ्या उडीला विसरून जातात की आपण कशाला आलो होतो. पण जो मुलगा उडीच मारत नाही, किंवा एक बारकी उडी मारून वाकतो आणि चेहरा पांढरा पडतो, त्याच्या घरी ताबडतोब फोन. ही घरगुती आयडिया नाही बरं का, अपेंडिक्सला सूज आली की पोटाच्या आतलं अस्तर दुखरं होतं आणि हादरा बसला की कळ येते, म्हणून लहान मुलांच्या अपेंडिक्सचा अंदाज बांधायच्या डॉक्टरी स्कोअरमध्येही खोकताना किंवा उडी मारताना दुखतं का ह्याला मार्क आहेत.

बाकीच्यांना जो बर्फ मिळतो त्यालाही अर्थ आहे. थंडाव्याने नसांमधून संदेश जायचा वेग कमी होतो, रक्तवाहिन्या आकसतात, सूज कमी येते, हे मुका मार लागला असेल तर. पण न सुजलेल्या जागेवरही बरं वाटतं त्याचं एक कारण रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल ह्यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या गेट कंट्रोल थिअरीत सापडतं. थोडक्यात, स्पर्शाच्या जाड, वेगवान नसा आणि वेदनेच्या बारीक नसा पाठीच्या कण्यात एकाच ठिकाणी येतात, आणि स्पर्शाचे संदेश जोरात आले तर वेदनेचे संदेश तिथेच दाबले जातात. कोपर आपटलं की आपण आपोआप चोळतो, आई फुंकर घालते, ते ह्याच खात्यातलं. त्या थिअरीचे बारकावे पुढे बदलले, पण वेदना म्हणजे जखमेतून निघालेली सरळ तार नाही, वाटेत तिला कमीजास्त करता येतं, ही मूळ गोष्ट टिकून राहिली.

आणि मग प्लासिबो, म्हणजे आत औषध नसताना केवळ उपचार झाला म्हणून बरं वाटणं. "फसवताय की मुलांना" असं कुणी म्हणेल, पण फसवायची गरजच नाही. २०२२ मध्ये अमेरिकेत ८ ते १८ वयाच्या ३० मुलांवर एक छोटा अभ्यास झाला, सगळ्यांना वारंवार पोटदुखीचा त्रास होता. त्यांना स्पष्ट सांगितलं की ह्या पातळ औषधात औषध नाहीये, आणि तरी ते घेत असतानाच्या आठवड्यांत दुखणं कमी राहिलं, आणि गरज पडली तर घ्या म्हणून दिलेली खरी गोळीसुद्धा साधारण निम्म्यानेच लागली. ३० मुलं म्हणजे फार नाहीत, त्यामुळे लगेच नाचायची गरज नाही, पण मेडिकल रूममधल्या ग्लासभर पाण्याकडे बघायची नजर मात्र बदलते.

मला स्वतःला ह्या सगळ्यात भारी वाटलेला अभ्यास वेगळाच आहे, आणि प्रत्येक आईबाबांनी तो वाचावा असं मला मनापासून वाटतं. लिन वॉकर ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ, त्यांनी आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये तो छापला. दोनशेहून जास्त मुलं, काहींना नेहमीची पोटदुखी, काही ठणठणीत. सगळ्यांना पोट तडस लागेपर्यंत पाणी प्यायला लावलं, म्हणजे पोटात खरोखरच अस्वस्थ वाटणार. मग एका गटातल्या पालकांना सांगितलं की मुलाच्या दुखण्याकडे लक्ष द्या, विचारपूस करा, सहानुभूती दाखवा. दुसऱ्या गटाला सांगितलं की विषय बदला, दुसरंच काहीतरी बोला. तिसऱ्याला काहीच सांगितलं नाही. काही न सांगितलेल्या गटाच्या तुलनेत विचारपूस केलेल्या मुलांच्या तक्रारी जवळजवळ दुप्पट झाल्या आणि विषय बदललेल्यांच्या निम्म्यावर आल्या. आता खरी गंमत पुढे आहे. पोटदुखीवाल्या मुलांच्या पालकांना वाटत होतं की विषय बदलणं म्हणजे मुलावर अन्याय, त्याला वाईट वाटेल. त्या मुलांना विचारलं तर ती म्हणाली विषय बदलला तेव्हाच जास्त बरं वाटलं.

म्हणजे कॅलेंडरची उडी एका दगडात दोन पक्षी मारते. तपासणीही होते आणि विषयही बदलतो.

पण ह्याचा अर्थ "काही नाही झालंय, जा वर्गात" असा घेऊ नका, कारण खेकसणं हे सुद्धा लक्ष देणंच आहे, फक्त वाईट प्रकारचं. दुखतंय हे मान्य करायचं, एकदाच, मग काहीतरी छोटं करायचं आणि वर्गात परत. परत पाठवण्यावर एवढा जोर का, तर ह्या नोकरीचा जन्मच त्यासाठी झालाय. १९०२ पर्यंत न्यूयॉर्कच्या शाळांमध्ये डॉक्टर यायचे, उवा, खरूज, डोळ्यांचा संसर्ग दिसला की मुलाला घरी हाकलायचे, आणि घरी उपचार करणारं कोणी नसल्यामुळे ते पोर गल्लीत खेळत बसायचं. त्या ऑक्टोबरमध्ये लीना रॉजर्स ह्या नर्सला चार शाळांवर नेमलं, ती शाळेतच मलमपट्टी करायची, घरी जाऊन आयांना समजवायची. सप्टेंबर १९०२ मध्ये १०,५६७ मुलं घरी पाठवली गेली होती, वर्षभराने तो आकडा १,१०१ वर आला.

आपल्याकडे बऱ्याच शाळांत सिस्टरच नसते, हे काम ऑफिसमधली मावशी नाहीतर पीटीचे सर करतात. आणि मुंबईच्या पोटदुखी-डोकेदुखीची काही कारणं इतकी साधी असतात की सांगायला लाज वाटावी. सातची शाळा, सहाला स्कूल बस, दूध अर्धवट टाकून पळालेलं पोर मधल्या सुट्टीपर्यंत उपाशी, म्हणजे नऊ वाजता गरगरणारच. मुली पाणीच पीत नाहीत कारण शाळेचं टॉयलेट नको असतं, मग उकाड्यात डोकं दुखतं, आणि लघवी तुंबवून ठेवल्याने इन्फेक्शनचा धोका वाढतो तो वेगळा. आठवी-नववीच्या मुलींचं महिन्याचं दुखणं तर पूर्ण रासायनिक आहे, प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं गर्भाशयाच्या स्नायूंना आवळायला लावतात, त्याला कुरकुर म्हणणाऱ्यांनी जरा सांभाळून बोलावं. त्यात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी निघालं होतं, त्यामुळे "सारखं थकल्यासारखं होतं" हे वाक्य आळस म्हणून सोडून देता येत नाही.

आणि कधीकधी हे सगळं उलटंही फिरतं. ऑगस्ट २०१८ मध्ये गोवंडीत महापालिकेच्या शाळेतली एक मुलगी वारली, शाळेत त्याआधी लोहाच्या गोळ्या वाटल्या होत्या, बातमी वस्तीत पसरली आणि शंभरावर मुलांना मळमळ, चक्कर, पोटदुखी म्हणून हॉस्पिटलात आणलं. बहुतेकांना तपासून लगेच घरी सोडलं, आणि मुलीच्या मृत्यूचा संबंध डॉक्टरांनी गोळीशी नाही तर क्षयाशी जोडला. लोहाच्या गोळीने थोडी मळमळ होतेच, विशेषतः उपाशीपोटी, पण भीतीने ती कितीतरी पटीने वाढते, ह्याला नोसिबो म्हणतात. तीच वायरिंग, दिशा फक्त उलटी. शेजारच्या बेंचवरची ओकली की आपल्यालाही ढवळतं, हे कुणाला माहीत नाही!

शरीर असं उगाच का बोंबलतं ह्याचं उत्तर रँडॉल्फ नेस ह्या डॉक्टरांच्या स्मोक डिटेक्टर तत्त्वात मिळतं. नवीन टॉवरमधला अलार्म फोडणी दिली तरी कोकलतो, आणि आपण शिव्या घालतो, पण खऱ्या आगीत गप्प राहणाऱ्या अलार्मपेक्षा तो परवडतो. वेदना, मळमळ, भीती सगळं असंच, जास्त वेळा वाजणारं. सिस्टरचं दुखणं हे की प्रत्येक अलार्मला तिला उठावंच लागतं. तिने ठरवलेल्या काही गोष्टींना मात्र उडी नाही, बर्फ नाही, सरळ फोन: रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, हिरवी उलटी, शौचातून रक्त, घटत चाललेलं वजन, ताप, आणि डोक्यावर पडल्यावर आलेली झोप किंवा उलटी.

रजिस्टरचा खरा उपयोग मला शेवटी कळला. एक तक्रार काही सांगत नाही, पण तेच नाव दर गुरुवारी, चौथ्या तासाच्या आधी आलं तर सांगते. दादागिरी सोसणारी मुलं मेडिकल रूममध्ये जास्त चकरा मारतात हे अभ्यासांत दिसलंय, आणि ती कधी म्हणत नाहीत की मला अमुक मारतो, ती म्हणतात पोटात दुखतंय. अशा वेळी बहीण वर्गशिक्षिकेकडे जाऊन टाइमटेबल मागते.

पालकांना शाळेतून फोन आला तर वरच्या यादीतलं काही आहे का एवढं विचारा, नसेल तर दिवस पूर्ण करू द्या, कारण घरी आणून टीव्हीसमोर झोपवलं की पुढच्या आठवड्यातलं पोटदुखीचं बुकिंग तुम्हीच करून ठेवता. आणि संध्याकाळी तो दारात आल्या आल्या "पोट कसंय आता?" हे विचारू नका, आज कोणाशी खेळलास ते विचारा. दुखत असेल तर तो सांगेलच, ह्या बाबतीत पोरं अजिबात लाजत नाहीत.