सिमेंटशिवाय रचायची, माती अडवणारी बागेची भिंत: पहिला रद्दा (ब्लॉकची आडवी ओळ) लावण्याआधी हे वाचा

आमच्या ब्लॉकच्या दुकानात येणारी तक्रार बहुतेक वेळा एकच असते: 'ब्लॉक वाकडे आहेत, तिसऱ्या रद्द्यानंतर जुळतच नाहीत.' साच्यातून निघालेल्या काँक्रीटच्या ब्लॉकमध्ये एक-दोन मिलिमीटरचा फरक असतो, तो आम्ही नाकारत नाही. पण भिंत फुगते किंवा पुढे कलते ती त्यामुळे नव्हे. नव्वद टक्के वेळा खोट खाली, पहिल्या रद्द्यात असते. आणि ती दुरुस्त करायची तर वरची सगळी भिंत उतरवावी लागते.

विटांच्या बांधकामात गवंडी चढउतार सिमेंट-वाळूच्या मसाल्यात जिरवतो. इथे मसालाच नाही, त्यामुळे खालची चूक जशीच्या तशी वर चढते. वीस सेंटिमीटर रुंदीचा ब्लॉक पुढच्या बाजूला तीन मिलिमीटर खाली बसला, तर ऐंशी सेंटिमीटर उंचीवर भिंत बारा मिलिमीटर पुढे आलेली असते. मागे ओल्या मातीचा रेटा आला की उरलेलं काम तो करतो.

म्हणून चर खणताना घाई नको. गवत, मुळं, भुसभुशीत माती सगळी काढा. तळ धुम्मसाने ठोका, मग खडी पसरून तीही थराथराने ठोका. ठोकून झाल्यावर पंधरा सेंटिमीटर राहिली पाहिजे. नुसती वाळू अंथरू नका, पाण्याबरोबर ती सरकते. पहिला रद्दा जमिनीखाली गाडलेलाच हवा. 'एवढे ब्लॉक मातीत घालवायचे?' असं बरेच जण विचारतात. हो, घालवायचेच. भिंतीचा पाय पुढे सरकू नये, यासाठीच ते असतात.

ब्लॉकच्या मागच्या खालच्या कडेला जो ओठ आहे, तो वरच्या रद्द्याला खालच्या रद्द्यामागे अडकवतो आणि भिंतीला मागे झुकाव देतो. पहिल्या रद्द्याखाली अडकायला काही नसतं. तिथला ओठ छिन्नीने उडवून टाका, नाहीतर ब्लॉक त्यावर डुलत राहतो. मग प्रत्येक ब्लॉक पाणसळीने (सपाटी दाखवणाऱ्या पट्टीने) दोन्ही बाजूंनी तपासा, लांबीतही आणि पुढूनमागेही. दुसरी तपासणीच लोक विसरतात. दोरी ब्लॉकच्या मागच्या कडेला धरा. पुढचा खडबडीत चेहरा फसवतो.

वरचं काम सोपं आहे. सांधेमोड ठेवा, म्हणजे वरचा सांधा खालच्या सांध्यावर येऊ देऊ नका; प्रत्येक रद्दा झाडून मगच पुढचा लावा; खडीचा एक दाणाही ब्लॉक उचलतो. भिंतीमागे तीस सेंटिमीटर जाड मोकळी खडी भरा, तिच्या आणि मातीच्या मध्ये पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं जिओटेक्स्टाइल कापड लावा, तळाशी छिद्रांचा पाइप उताराने बाहेर काढा. 'खडी आणि कापड विकण्यासाठी सांगता' असा आरोप आमच्यावर होतो. दोन्ही वस्तू बाहेरून घ्या, आमची हरकत नाही, पण घ्या. पाणी अडून राहिलं तर चांगला ब्लॉकही काही करू शकत नाही.

उंची साठ सेंटिमीटरपर्यंत असेल तर घरच्या घरी जमतं. त्याहून उंच, किंवा वरच्या बाजूला गाडी उभी राहणार असेल, तर आधी अभियंत्याला जागा दाखवा. बांधकामाचे पोकळ ब्लॉक स्वस्त पडतात, म्हणून ते असे सुके रचू नका. त्यांना अडकायला ओठच नसतो.

लांबी, उंची आणि वळणं कागदावर काढून आणा, ब्लॉकचा हिशोब आम्ही काउंटरवरच करून देतो. कापण्यात जाणाऱ्यांसाठी शेकडा पाच जास्त धरा. उरलेले अखंड ब्लॉक परत घेतो, छिन्नी लागलेले घेत नाही.